59 की 60? जुन्या बेसबॉलवर क्विझचे प्रश्न काढताना

प्रश्न: आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या क्विझमध्ये बेसबॉलच्या अगदी सुरुवातीच्या व्यावसायिक खेळाडूंवर एक राउंड ठेवायचा आहे. क्रिकेटचे प्रश्न काढायची सवय आहे, बेसबॉल मला नवीन. पहिला पगारी खेळाडू कोण, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण, एका मोसमात सर्वाधिक सामने जिंकणारा पिचर (म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज) 59चा की 60चा, यांची तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. खरं उत्तर कोणतं धरायचं? आणि अंपायरचे हातवारे एका बहिऱ्या खेळाडूमुळे सुरू झाले, हा प्रश्न घालू का?

उत्तर:

तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात म्हणून तुम्ही वैतागलेले दिसता, पण बहुतेक वेळा ती तिन्ही बरोबर असतात. 19व्या शतकातल्या बेसबॉलची गोम तिथेच आहे. लीग निघत होत्या आणि बुडत होत्या, नियम जवळजवळ दर हिवाळ्यात बदलत होते, आणि आकडेवारी कुणी, कशी ठेवायची याचा पत्ता नव्हता. आज आपण जे विक्रम वाचतो त्यांतले पुष्कळसे पुढच्या पिढ्यांनी जुन्या वर्तमानपत्रांतले स्कोअर चाळून नव्याने मांडलेले आहेत. त्यामुळे ‘उत्तर काय’ याच्या आधी ‘कुणाच्या हिशेबाने’ हे ठरवावं लागतं, आणि ते प्रश्नातच लिहावं लागतं. तुमची खरी अडचण ही प्रश्नाच्या मांडणीची आहे.

मी ओहायोत राहतो. मंडळाच्या आणि गावच्या लायब्ररीच्या क्विझ बरीच वर्षं काढतो आहे आणि जुना बेसबॉल हा माझा लाडका विषय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

राउंड कसा असावा हे समोर कोण बसलंय यावर अवलंबून आहे. इथे वाढलेल्या मुलांना बेब रूथ आणि जॅकी रॉबिन्सन शाळेपासून माहीत असतात, त्यांच्या आईवडिलांना क्रिकेट. 1900च्या आधीच्या बेसबॉलबद्दल मात्र दोन्ही पिढ्या सारख्याच कोऱ्या असतात आणि आश्चर्य म्हणजे क्रिकेटवाल्यांना तिथे थोडा फायदाच होतो. कारण त्या काळातली बरीच मंडळी क्रिकेटमधूनच आली होती. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा 1869चा प्रसिद्ध संघ बांधणारा हॅरी राइट जन्माने इंग्लंडमधल्या शेफिल्डचा. त्याचे वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबमध्ये व्यावसायिक क्रिकेटपटू होते. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) रुजवणारा पत्रकार हेन्री चॅडविक हाही इंग्लंडचाच, एक्सेटरचा, आणि क्रिकेटचं वार्तांकन करता करताच बेसबॉलकडे वळलेला. 1874मध्ये बॉस्टन आणि फिलाडेल्फियाचे बेसबॉल संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा बेसबॉलच्या प्रदर्शनी सामन्यांबरोबर क्रिकेटही खेळले. इंग्रजांच्या 11 जणांसमोर यांचे 18 जण उतरायचे, आणि एकही सामना हरले नाहीत. ‘18 विरुद्ध 11’ एवढं प्रश्नात दिलंत तर क्रिकेटवाले सरसावून बसतील.

आता तुमचे प्रश्न एकेक करून घेतो.

पहिला पगारी खेळाडू कोण, हा प्रश्न असाच्या असा विचारू नका. 1869 सालापर्यंत नियमाने पैसे घ्यायला बंदी होती आणि चांगले खेळाडू ते गुपचूप घेत होते. लपवूनच दिलेल्या पैशांची पावती कुठून मिळणार? बहुतेक अभ्यासक ब्रुकलिनच्या एक्सेलसिअर क्लबचा पिचर जिम क्रायटन याचं नाव पहिलं घेतात, 1860च्या सुमाराचं. फिलाडेल्फियाच्या अॅथलेटिक्सकडून खेळलेला अल रीच याचंही नाव घेतलं जातं. त्याच क्लबच्या लिपमन पाइकवर 1866मध्ये आठवड्याला 20 डॉलर घेतल्याचा आरोप झाला होता. पाइक हा बेसबॉलमधला पहिला मोठा ज्यू खेळाडू, आणि पायाने इतका चपळ की 1873मध्ये बॉल्टिमोरला त्याने 100 यार्डांच्या शर्यतीत एका घोड्याला हरवून 250 डॉलर जिंकले. घोड्याचं नाव क्लॅरेन्स. माझ्या मते ‘पहिला पगारी कोण’ यापेक्षा घोड्याचा प्रश्न दसपट चांगला आहे, कारण त्यावर वाद होत नाही आणि हशा हमखास पिकतो.

वाद नको असेल तर ‘सगळे खेळाडू उघडपणे पगारावर असलेला पहिला संघ’ असं विचारा. उत्तर 1869चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. त्या संघात सर्वांत जास्त पगार कप्तान हॅरी राइटला नव्हता, 1,200 डॉलरवर तो दुसरा होता. पहिला होता त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), मोसमाचे 1,400 डॉलर. शिवाय गंमत म्हणजे सिनसिनाटीच्या या संघात खुद्द सिनसिनाटीचा खेळाडू एकच होता, पहिल्या बेसवरचा चार्ली गोल्ड. बाकीचे बाहेरून आणलेले. आयपीएल पाहणाऱ्या प्रेक्षकांना हा प्रश्न आवडतो.

त्या मोसमाचा निकाल मात्र विचारू नका. 57-0 हा आकडा सगळीकडे दिसतो, पण ट्रॉय हेमेकर्सविरुद्धचा सामना 17-17 वर असताना पाहुणे एका निर्णयावर भांडून मैदान सोडून गेले. पैजा वाचवण्यासाठी गेले, असा संशय तेव्हाच घेतला गेला. तो विजय धरायचा की बरोबरी, यावर आकडा हलतो. हार कधी झाली हे मात्र निश्चित आहे: 14 जून 1870, ब्रुकलिनच्या अॅटलांटिक्सकडून 11 इनिंगमध्ये 8-7 (दोन्ही संघांची एकेक बॅटिंग म्हणजे एक इनिंग, सामना एरवी 9 इनिंगचा). तारीख आणि धावसंख्या पक्की असलेला प्रसंग मिळाला की तोच घ्यावा, एकूण बेरजेच्या वाटेला जाऊ नये. जुन्या बेसबॉलमधल्या बेरजा फार फसव्या असतात.

बेरजा का फसतात? कारण ‘मेजर लीग’ कशाला म्हणायचं हे खूप नंतर ठरलं. 1871 ते 1875 अशी पाच वर्षं नॅशनल असोसिएशन नावाची पहिली व्यावसायिक लीग चालली. तिचा पहिला सामना 4 मे 1871 रोजी फोर्ट वेनला झाला. फोर्ट वेनच्या बॉबी मॅथ्यूजने क्लीव्हलंडला एकही धाव दिली नाही, निकाल 2-0. पुढे 1876मध्ये नॅशनल लीग आली, ती आजपर्यंत आहे. 1969मध्ये बेसबॉलच्या विक्रम समितीने कोणत्या लीगना मेजर म्हणायचं याची यादी केली, तेव्हा नॅशनल असोसिएशनला वगळलं. कारण संघ मध्येच गळायचे, वेळापत्रक धड नसायचं, वगैरे. पण त्याच समितीने 1884 या एकाच वर्षी चाललेल्या युनियन असोसिएशनला मात्र मेजर मानलं. त्या लीगमध्ये सेंट लुइसने 94 सामने जिंकले आणि 19 हरले, आणि लीग काढणारा माणूसच त्या संघाचा मालक होता. हा न्याय मला कधीच पटलेला नाही, पण विक्रमांची पुस्तकं त्यावरच उभी आहेत. आपल्याकडे एखादा जुना दौरा ‘प्रथम श्रेणी’ धरायचा की नाही यावरून जशी एखाद्याची शतकं वाढतात-घटतात, तेच इथे घडलं.

सगळ्यांत मोठा फटका बसला तो त्या बॉबी मॅथ्यूजलाच. पिचर म्हणून त्याच्या नावावर लागलेले सगळे विजय धरले तर ते 297 होतात, 300ला तीनच कमी. त्यातले 131 नॅशनल असोसिएशनमधले, म्हणजे अधिकृत हिशेबात उरतात 166. पहिल्या व्यावसायिक लीगच्या पहिल्या सामन्याचा विजेता पिचर, आणि हॉल ऑफ फेममध्ये (कूपर्सटाउन गावातलं बेसबॉलच्या थोरांचं सन्मानदालन) त्याला जागा नाही. ‘पहिला हिट (फटका मारून बेस गाठणं) कोणाचा’ या प्रश्नाचंही हेच. 1871च्या त्या सामन्यात डीकन व्हाइटचा, आणि 22 एप्रिल 1876च्या नॅशनल लीगच्या पहिल्या सामन्यात बॉस्टनच्या जिम ओरूर्कचा. लीगचं नाव प्रश्नात घाला, वाद संपला. ओरूर्कवर आणखी एक प्रश्न निघतो: येलमधून कायद्याची पदवी घेतलेला हा गृहस्थ 1904मध्ये वयाच्या 54व्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सकडून एक सामना कॅचर (बॅटरच्या मागे उभा राहणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून खेळला. आणि डीकन व्हाइट 7 जुलै 1939 रोजी वारला. त्याआधी महिनाही झाला नव्हता तेव्हा कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमचं उद्घाटन झालं होतं. तिथे त्याचं नाव लागायला 2013 उजाडलं.

पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण, या प्रश्नावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे चुकीची मांडणी नुसती तांत्रिक राहत नाही. बहुतेक लोक जॅकी रॉबिन्सन म्हणतील, 15 एप्रिल 1947. ‘20व्या शतकातल्या मेजर लीगमधला पहिला’ असं म्हटलंत तर ते बरोबर. पण त्याच्या 63 वर्षं आधी, 1 मे 1884 रोजी, मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलेडोच्या संघाकडून अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळला होता, आणि ती लीग समितीच्या यादीत आहे. वॉकर कॅचर होता, ओबर्लिन आणि मिशिगन विद्यापीठात शिकलेला. त्या वर्षी 42 सामने खेळला. त्याचा भाऊ वेल्डी हाही त्याच मोसमात टोलेडोकडून काही सामने खेळला. त्यांच्या संघातला पिचर टोनी मुलेन याने पुष्कळ वर्षांनी कबूल केलं की वॉकर हा आपण पाहिलेला सर्वोत्तम कॅचर होता, तरी त्याचा वर्ण आपल्याला खटकायचा, म्हणून आपण त्याचे इशारे न पाहताच चेंडू टाकायचो. वॉकरला समोरून कोणता चेंडू येतोय हे माहीत नसायचं, आणि त्या काळात कॅचरच्या हातात आजच्यासारखा जाडजूड ग्लोव्ह नव्हता. (हाच मुलेन दोन्ही हातांनी पिचिंग करायचा, 1882मध्ये एका सामन्यात केलीही. तो वेगळा प्रश्न होऊ शकतो.)

त्याच्याही आधी, 21 जून 1879 रोजी, प्रॉव्हिडन्स ग्रेजकडून विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा ब्राउन विद्यापीठाचा विद्यार्थी एकच सामना खेळला. पहिल्या बेसवरचा जो स्टार्ट जखमी होता, त्याच्या जागी. जॉर्जियातल्या एका गोऱ्या मळेवाल्याचा आणि त्याच्या मळ्यावरच्या गुलाम स्त्रीचा तो मुलगा. हे संशोधकांना 2003च्या सुमारास जुन्या जनगणनेच्या नोंदींतून सापडलं. पण व्हाइट स्वतः गोरा म्हणून जगला, आणि त्या दिवशी मैदानावरच्या कुणाला आपण इतिहास पाहतोय याची कल्पना नव्हती. मग पहिला कोण? अभ्यासकांतही एकमत नाही. मी असं विचारतो: ‘मेजर लीगमध्ये उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून खेळलेला पहिला खेळाडू कोण?’ उत्तर वॉकर. व्हाइटची गोष्ट उत्तराच्या स्लाइडवर सांगतो.

आणि ‘मेजर लीग’ ऐवजी ‘व्यावसायिक’ म्हटलंत तर उत्तर पुन्हा बदलतं: बड फाउलर, 1878. खरं नाव जॉन जॅक्सन. तो लहानाचा मोठा झाला ते गाव कूपर्सटाउन, जिथे पुढे हॉल ऑफ फेम उभं राहिलं. त्या हॉलमध्ये त्याला प्रवेश मिळाला 2022मध्ये. हा प्रश्न मी शेवटच्या पाचांत ठेवतो. ‘या गावात वाढलेल्या खेळाडूला याच गावातल्या संस्थेने 2022मध्ये सन्मानित केलं, गाव कोणतं?’ अशी उलटी मांडणी केली की तो तर्काने सुटतो, पाठांतर लागत नाही.

दार बंद कसं झालं हेही विचारता येतं. 14 जुलै 1887 रोजी नेवार्कला शिकागोविरुद्धच्या प्रदर्शनी सामन्यात नेवार्कचा कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोवी उतरला नाही. शिकागोचा कप्तान कॅप अॅन्सन वर्णद्वेष्टा म्हणून कुप्रसिद्ध होता. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. पुढची 60 वर्षं अॅन्सन एकट्यामुळे गेली असं काही जण लिहितात. तेवढं खापर एका माणसावर फोडलं की बाकीचे मालक फुकटात सुटतात, म्हणून मी तशी मांडणी टाळतो.

आता तुमचा 59 की 60. चार्ल्स ‘ओल्ड हॉस’ रॅडबर्न, प्रॉव्हिडन्स ग्रेज, 1884. जुलैमध्ये संघाचा दुसरा पिचर चार्ली स्वीनी भांडून निघून गेला. रॅडबर्न तेव्हा स्वतःच निलंबित होता. त्याने मालकांशी सौदा केला: उरलेला मोसम मी ओढतो, त्याचे जादा पैसे द्या आणि मोसम संपल्यावर मला मोकळं करा. मग तो जवळजवळ रोज पिचिंग करत राहिला. 73 सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत, 678 इनिंगहून जास्त, 441 स्ट्राइकआउट (पिचरने चेंडूंवरच बाद केलेले बॅटर). संघाने 84 सामने जिंकले, त्यांतले जवळपास 60 त्याचे. वर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सबरोबरची तीन सामन्यांची मालिका, तिचेही तिन्ही सामने त्यानेच टाकले आणि जिंकले.

भांडण एका सामन्याचं आहे. 28 जुलै, फिलाडेल्फिया. सुरुवातीला सायक्लोन मिलर नावाचा पिचर होता. पाच इनिंगनंतर 7-4 अशी आघाडी असताना तो बाहेर गेला, रॅडबर्नने शेवटच्या चार इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. त्या दिवशीच्या स्कोअररने विजय रॅडबर्नच्या नावावर लिहिला. आजच्या नियमाने तो मिलरचा. त्या काळात ‘पिचरचा विजय’ याची पक्की व्याख्याच नव्हती, म्हणून एक पुस्तक 60 म्हणतं, दुसरं 59. तुम्ही काय करायचं? आकडा प्रश्नात द्या आणि माणूस विचारा: ‘1884मध्ये 59 किंवा 60 सामने जिंकलेला पिचर कोण?’ किंवा जास्त मजा हवी असेल तर 1886चा फोटो दाखवा. बॉस्टन आणि न्यूयॉर्क या दोन संघांचा एकत्र फोटो आहे, आणि त्यात रॅडबर्न कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवतोय. असं बोट दाखवतानाचा हा सर्वांत जुना ज्ञात फोटो मानला जातो. समोर आजी-आजोबा असतील तर बोट झाकून विचारा.

त्या आकड्यांची आजच्याशी तुलना मात्र कुणाला करू देऊ नका. 1884मध्ये पिचर 50 फुटांवरून टाकायचा; आजचं 60 फूट 6 इंच हे अंतर 1893पासूनचं. हात खांद्यावरून आणून चेंडू टाकायची पूर्ण मोकळीक नॅशनल लीगमध्ये 1884मध्येच मिळाली. आणि 1887पर्यंत बॅटर उंच चेंडू हवा की खाली, हे मागून घ्यायचा. प्रेक्षकांपैकी कुणाला हे माहीत नसतं, म्हणून ‘1886मध्ये बॅटर पिचरला काय सांगू शकत होता, जे आज सांगता येत नाही?’ हा माझा हुकमी प्रश्न आहे.

1887 हे साल तर डोक्यात पक्कं ठेवा, कारण अर्धी भांडणं तिथली आहेत. त्या एका वर्षी वॉक (पिचरच्या चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला की तो हिट म्हणून मोजायचे, शिवाय आउट व्हायला आजच्या तीनऐवजी चार स्ट्राइक लागायचे. सेंट लुइसच्या टिप ओनीलची सरासरी (बॅटिंगच्या दर संधीमागे हिट) त्या हिशेबाने .492, आणि वॉक काढून टाकले की .435. दोन्ही आकडे छापलेले सापडतील. ओनील कॅनडाचा, आणि कॅनडाच्या सर्वोत्तम बेसबॉलपटूला आजही त्याच्या नावाचा पुरस्कार देतात. अॅन्सनचंही तसंच. त्या वर्षीचे त्याचे 60 वॉक हिट धरायचे का, आणि नॅशनल असोसिएशनमधली त्याची वर्षं धरायची का, यावर त्याचे एकूण हिट 3,400 च्या पुढे जातात किंवा 3,000च्या आसपास घुटमळतात. 3,000 हिट करणारा पहिला खेळाडू अॅन्सन का, यावर मोठी माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. तुमच्या क्विझला ते नको.

या सगळ्या हिशेबांतली माझी आवडती गोष्ट पॉल हाइन्सची. 1878, पुन्हा प्रॉव्हिडन्स. त्या मोसमात सर्वाधिक सरासरीचा मान मिलवॉकीच्या अॅबनर डॅलरिम्पलला मिळाला. पण तेव्हा बरोबरीत सुटलेल्या सामन्यांतली कामगिरी मोजतच नसत. 90 वर्षांनी ते सामने हिशेबात धरल्यावर हाइन्स .358 वर पुढे निघाला. होम रन त्याचे सर्वाधिक होतेच, चक्क चार. बॅटरमुळे आलेल्या धावा तेव्हा अधिकृतपणे लिहीतच नव्हते, त्याही जुन्या स्कोअरवरून मोजल्या, तर 50 धावांसह तिथेही हाच पहिला. म्हणजे मेजर लीगचा पहिला ट्रिपल क्राउन विजेता (या तिन्हींत एकाच मोसमात पहिला) पॉल हाइन्स, आणि तो 1935मध्ये वारला तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही.

एक उदाहरण अगदी अलीकडचं. ह्यू डफीची 1894मधली .440 सरासरी हा एका मोसमाचा विक्रम म्हणून मी स्वतः कितीदा विचारला आहे. 2020च्या डिसेंबरमध्ये 1920 ते 1948मधल्या सात निग्रो लीगना (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग) मेजर दर्जा मिळाला, 2024च्या मे महिन्यात त्यांचे आकडे अधिकृत विक्रमांत मिसळले, आणि आता तिथे जॉश गिब्सनची 1943ची .466 आहे. म्हणून जुन्या क्विझच्या फायली जशाच्या तशा वापरू नका. राउंड पक्का करताना प्रत्येक आकडा त्या आठवड्यात पुन्हा पाहा. मी मेजर लीगची अधिकृत साइट आणि बेसबॉल रेफरन्स शेजारी शेजारी उघडतो. दोन्हीकडे आकडा जुळला तरच तो उत्तर म्हणून घेतो, नाहीतर प्रश्नात सरकवतो. खेळाडूच्या आयुष्याबद्दल काही हवं असेल तर ‘सेबर’ या संशोधक संस्थेची चरित्रं वाचतो, तिथे दंतकथा आणि पुरावा वेगळे केलेले असतात.

दंतकथांचं प्रमाण या काळात फार आहे. अॅबनर डबलडेने 1839मध्ये कूपर्सटाउनला खेळ शोधला ही सर्वांत मोठी. तो त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होता. जिम क्रायटन 1862मध्ये अवघ्या 21व्या वर्षी गेला, तो होम रन मारताना आतडं फुटून, असं सर्रास सांगतात. इजा अंतर्गत होती एवढं खरं, पण होम रनचा भाग नंतर चिकटलेला आहे, आणि तो त्याच दिवसांत क्रिकेटही जोरात खेळत होता.

दंतकथा टाळून सुरक्षित आणि तरीही चटकदार असं हवं असेल तर हे घ्या. शिकागोच्या नेड विल्यमसनने 1884मध्ये 27 होम रन मारले, त्यांतले 25 घरच्या मैदानावर, कारण तिथलं कुंपण 200 फुटांच्याही आत होतं आणि त्याआधीच्या वर्षी त्यावरून गेलेला चेंडू नुसता डबल (दोन बेसचा फटका) धरायचे. तो विक्रम 1919मध्ये बेब रूथने मोडला. 1889च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गचा पिचर पड गॅल्विन प्राण्यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेऊन खेळला आणि जिंकला. वर्तमानपत्राने त्याबद्दल नाकं मुरडायचं सोडून औषधाची वाहवा केली. 1877मध्ये लुइव्हिलच्या चार खेळाडूंना सामने विकल्याबद्दल जन्मभर बंदी झाली, पुरावा मिळाला तारांतून. त्यांतला पिचर जिम डेव्हलिन याने त्या मोसमात संघाच्या प्रत्येक सामन्यातली प्रत्येक इनिंग स्वतः टाकली होती, आणि पुढे तो फिलाडेल्फियात पोलीस झाला. एक हात नसलेल्या ह्यू डेलीने 1884मध्ये 483 स्ट्राइकआउट घेतले. जून 1880मध्ये पाच दिवसांत दोन परफेक्ट गेम (समोरच्या एकालाही बेस गाठू न देता जिंकलेला सामना) झाले, ली रिचमंड आणि जॉन माँटगोमरी वॉर्ड यांचे, आणि नॅशनल लीगमध्ये तिसरा व्हायला 1964 उजाडलं. आपल्या लोकांसाठी खास: अॅल्बर्ट स्पॉल्डिंगने 1888-89मध्ये दोन संघ जगाच्या सफरीवर नेले. ते पिरॅमिडच्या सावलीत खेळले, आणि त्याआधी जानेवारीत भारताच्या शेजारच्या एका बंदरात. उत्तर कोलंबो. मुंबई, कलकत्ता, मद्रास असं सगळं सांगून झाल्यावर कुणीतरी ते सांगतंच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बहिरा खेळाडू आणि अंपायरचे हातवारे. विल्यम हॉय, 1888 ते 1902. गोष्ट अशी सांगतात की त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून अंपायर स्ट्राइकसाठी उजवा हात वर करू लागले. हे असंच घडलं याला भक्कम समकालीन पुरावा नाही. हॉयने संघाच्या कोचकडून खुणा घ्यायची पद्धत वापरली हे खरं, पण अंपायरांचे हातवारे सर्वत्र रूढ झाले ते तो निवृत्त झाल्यानंतर, आणि त्यांचं श्रेय घेणारे इतरही आहेत. पहिला बहिरा मेजर लीग खेळाडूही तो नव्हे, तो 1883चा कोलंबसचा पिचर एड डंडन. तेव्हा प्रश्न त्या शब्दांत घालू नका. शिवाय जुन्या कागदांत हॉयच्या नावाआधी ‘डमी’ लावलेलं दिसेल. त्या काळी मूकबधिर खेळाडूंना सर्रास तसं म्हणत, आणि हॉयला त्याचं वावडंही नव्हतं. पण स्लाइडवर पूर्ण नावच लिहा, टोपणनाव सांगायचंच असेल तर उत्तरात सांगा.

हॉयवर याहून चांगले दोन प्रश्न आहेत आणि दोन्हीच्या तारखा पक्क्या आहेत. 19 जून 1889 रोजी त्याने आउटफिल्डमधून थेट फेकी करून एकाच सामन्यात तीन धावपटूंना होम प्लेटवर आउट केलं. आणि 16 मे 1902 रोजी सिनसिनाटीकडून बॅटिंग करताना त्याच्यासमोर न्यूयॉर्कचा पिचर ल्यूथर टेलर होता, तोही बहिरा. दुसरा प्रश्न टाय-ब्रेकरला ठेवा आणि फक्त सिनसिनाटीचा खेळाडू विचारा, टेलरचं नाव तुम्हीच देऊन टाका. अडलेच तर हिंट म्हणून एवढं सांगा की 1961च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, वयाच्या 99व्या वर्षी, सिनसिनाटीला पहिला चेंडू फेकायचा मान त्याला मिळाला होता.